अक्काबाईनं घासलेल्या मुशी

समजा, तुमच्यासमोर पाण्यानं भरलेलं घमेलं आहे. शेजारी टोपलीत मातीनं माखलेली खापरं आहेत आणि तुमच्या हातात दात घासायचा जुना ब्रश आहे. एक खापर उचला. लगेच बुडवू नका. आधी अंगठ्यानं दाबून बघा. कच्चं भाजलेलं असेल तर पाण्यात त्याचा चिखल होईल. पक्कं वाटलं तर बुडवा आणि ब्रश आधी तुटलेल्या कडेवरून फिरवा, कारण माती तिथेच जास्त धरलेली असते. कुठे रंगाची रेघ दिसली तर ब्रश थांबवा, बोटानं पुसा. मग सावलीत पालथं घाला. असं दिवसातून सहाशे वेळा करा. महिना डिसेंबरचा, जागा निफाड तालुक्यातली, वेळ सकाळी आठची. पहिल्या वीस खापरांनंतर बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, ते कळेनासं होतं.

अक्काबाई हे काम करायची, आणि करता करता समोरच्या खापराशी बोलायची. "तुझं तोंड कुठं गेलं रं?" असं काहीतरी.

१९९४ चा हिवाळा होता. कादवा नदीच्या काठी भोरटेक नावाचं गाव आहे, तिथल्या पांढरीवर उत्खनन चाललं होतं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांची मऊ, पांढुरकी माती तिथे साचलेली असते. ती धाब्याच्या घरावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, घातली की पावसाळ्यात थेंब गळत नाही. त्यामुळे गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती गाडीनं, टोपलीनं नेत आलेली. निम्मं टेकाड असं गावाच्या छपरांवर जाऊन बसलेलं, उरलेल्यात आम्ही खणत होतो. माझं काम मोजमापं घेण्याचं आणि सापडलेल्या वस्तूंची मापात चित्रं काढण्याचं. डिप्लोमा हातात होता, नोकरी नव्हती, म्हणून आलो होतो.

अक्काबाई पेठकडच्या डोंगरातली. भात आणि नागली घरात आली की नवरा मंगळू आणि ती खाली कामाला यायचे. मंगळू लासलगावच्या बाजारात कांद्याची पोती शिवायचा. मुलीचं लग्न होऊन ती सुरगाण्याकडे गेलेली. अक्काबाई आधी द्राक्षाच्या बागेत होती, तिथून आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी तिला माती वाहायला लावलं होतं. चाळणीत तिला चण्याएवढा एक मणी दिसला आणि तिनं तो कोणी न सांगताच वेगळा काढून ठेवला. मोठ्या सरांनी ते बघितलं आणि तिला धुण्याच्या कामावर बसवलं. उत्खननाचे प्रमुख म्हणजे मोठे सर. त्यांचं नाव कोणी घेत नसे. "हिच्या हाताला डोळे आहेत," ते म्हणाले होते. हे वाक्य अक्काबाईनं मंगळूला सांगितलं, मंगळूनं बाजारात सांगितलं, आणि महिन्याभरात सगळ्या कामावर तिचं नाव 'डोळेवाली' पडलं.

जानेवारीत तिसऱ्या चरात एक खोली लागली. दिसली तेवढी लांबी तीन मीटर दहा, रुंदी अडीचच्या आसपास, म्हणजे आजच्या टपरीएवढी. दक्षिणेची भिंत आमच्या चराच्या बाहेर जात होती, त्यामुळे खोली अर्धीच दिसत होती. जमीन चोपून केलेली. कोपऱ्यात परातीएवढा खळगा, आतून भाजून लालभडक झालेला, आणि त्याच्या तोंडाशी भात्याची मातीची नळी. खळग्याभोवती मातीची चार-पाच पदकं पडलेली. प्रत्येकावर एका माणसाचं तोंड, धारदार नाक, कपाळावर पानांची माळ, आणि वर दोरा ओवायला भोक. भिंतीला लागून दोन कानांच्या उंच सुरईचे तुकडे. अशा सुरया आपल्याकडे घडवत नसत.

मोठ्या सरांनी सगळ्या मजुरांना काठावर बसवलं आणि समजावून सांगितलं. सातवाहनांच्या काळात रोमहून जहाजं येत. माल बंदरावर उतरायचा, बैलांवर घाट चढायचा आणि नाशिकवरून पुढे जायचा. या पदकांवरचं तोंड रोमच्या राजाचं आहे, नाण्यावरून काढलेलं. "म्हणजे हा छोटासा कारखाना आहे. रोमचा माणूस इथे येऊन बसला होता की इथलाच माणूस रोमच्यासारखं काम करत होता, ते शोधायचंय."

"आन् त्या सुरईत काय यायचं सायेब?" बहिरूबाबांनी विचारलं. टिकाव चालवणाऱ्यांत ते सगळ्यांत वयस्क, गावातलेच.

"दारू. द्राक्षाची."

"बघा! तवापासून बाहेरचीच लागती गावाला."

सगळे हसले. अक्काबाई हसली नाही. ती त्या खळग्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "एकटाच बसत असंल का?"

"जागा एकाचीच दिसते," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खळग्याच्या मागून नऊ मुशी निघाल्या. मूस म्हणजे धातू किंवा काच वितळवायचं छोटं मातीचं भांडं. या लिंबाएवढ्या होत्या, बाहेरून काळ्या, आतून खरबरीत. सर खूष झाले. आतल्या त्या खरबरीत थरात उत्तर होतं. सोनं वितळवलं असेल तर सोन्याचा अंश, तांबं असेल तर तांब्याचा, रोमची फुटकी काच वितळवून मणी केले असतील तर काचेचा. तो थर प्रयोगशाळेत पाठवायचा होता. त्याच दुपारी त्यांना नाशिकहून बोलावणं आलं आणि दोन दिवसांसाठी ते गंगापूर रोडच्या त्यांच्या बिऱ्हाडी गेले. मुशी कापडात गुंडाळून त्यांनी तंबूत ठेवायला सांगितल्या. कापडावर चिठ्ठी बांधायची राहिली. संध्याकाळी कोणीतरी ते कापड खापरांच्या टोपलीत ठेवलं.

सकाळी अक्काबाईनं ते सोडलं. मुशी ब्रशनं वरवर धुतल्या आणि माझ्यासमोर फळीवर मांडल्या. मला त्यांच्या कडेची जाडी मोजायची होती. काजळीमुळे कड कुठे संपते आणि थर कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं. चित्र साफ यावं एवढंच माझ्या डोक्यात.

"अक्का, ह्या अजून जरा लख्ख होतील का?"

"आतूनबी?"

"आतूनपण."

ती उठली, चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन आली. जळकं भांडं साफ करायची तिच्या घरची रीत तीच. दोन तास बसून तिनं नऊच्या नऊ मुशी घासल्या. घासताना म्हणाली, "याला सासू नव्हती वाटतं. भांडी अशीच खरकटी टाकून गेला." शेवटी फळीवर नऊ मुशी उन्हात ओळीनं मांडल्या, आतून विटेसारख्या स्वच्छ. तिनं पदराला हात पुसले आणि लांबून बघितलं. मीही बघितलं. चित्रं फार सुंदर आली. अजून माझ्याकडे आहेत.

तिसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी एक मूस उचलली, आत बोट फिरवलं. दुसरी उचलली. ओरडले नाहीत. उलट्या टोपलीवर बसले.

"दोन हजार वर्षं टिकलं होतं हो," ते म्हणाले. "कोणी घासल्या ह्या?"

अक्काबाईनं माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या पट्टीकडे बघितलं.

"मी," ती म्हणाली. "चूक झाली सायेब."

मला वाटलं संध्याकाळी सरांना सांगू. संध्याकाळी वाटलं उद्या. उद्या अक्काबाई धुण्याच्या जागेवर नव्हती, डोक्यावर मातीची टोपली घेऊन चराच्या पायऱ्या चढत होती. बहिरूबाबा ओरडले, "डोळेवाली, डोळे घासले का गं?" तिनं टोपली रिकामी केली आणि परत खाली गेली.

दोन मुशी प्रयोगशाळेत गेल्या. तिथे त्यांची पूड केली. राखेचे क्षार सापडले, बाकी खात्रीनं सांगावं असं काही नाही. ती राख आमच्याच चुलीतली होती.

मार्चमध्ये काम आटोपलं. निघायच्या दिवशी सर अक्काबाईजवळ गेले. रागावलेला माणूस नंतर जसा जरा जास्तच मऊ बोलतो तसे बोलले. "अक्काबाई, अर्धी खोली अजून चराशेजारच्या त्या न खणलेल्या पट्ट्याखाली आहे. तिथेही मुशी असणार. पुढच्या हिवाळ्यात येऊ तेव्हा त्या तुम्हीच काढायच्या. फक्त धुवायच्या नाहीत."

"न्हाय धुवायच्या," ती म्हणाली.

चरात प्लास्टिक अंथरून माती लोटली आणि आम्ही गेलो.

त्या उन्हाळ्यात पेरणीआधी मंगळू आणि अक्काबाई डोंगरात परत गेले नाहीत. जमिनीचे मालक पुंजाआण्णा. त्यांच्याकडे अक्काबाईनं पट्ट्याच्या कडेला झोपडीपुरती जागा मागितली. भाताचं वावर दिराकडे दिलं. मंगळूला हे पटलं नव्हतं, पण लासलगावला काम बारमाही होतं, म्हणून तोही राहिला. दिवसभर ती आण्णांच्या कांद्यात आणि बागेत राबायची, आणि माती न्यायला कोणी आलं की हातातलं खुरपं टाकून धावत जायची.

"तिकडून घ्या. इथून नाय."

"तुझ्या बापाची हे का पांढरी?" बायका विचारायच्या.

"नाय. एका मान्साची हाय. त्याचं अर्धं घर आत हाय."

"कोण मानूस?"

"रोमचा."

मग तिचं नाव रोमवाली झालं. रोमवालीकडून जाऊ नको, रोमवाली टोपली हिसकावते. एकदा पोरींनी तिला विचारलं, रोमला जायला गाडी कुठून मिळते. ती म्हणाली, "पिंपळगावच्या फाट्यावरून. पन तुमाला नाय घेनार, तिथं अंघोळ करून बसावं लागतं." हे मला पुंजाआण्णांनी सांगितलं. त्यांना तिचं कौतुक होतं. ते तिला सोसत होते, आणि त्या पट्ट्यात काही पेरतही नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. सरांचं हृदयाचं दुखणं निघालं, परवानगीचे कागद कुठेतरी अडले, नंतर ते निवृत्त झाले. मी तोवर सातपूरला एका कारखान्यात आराखडे काढायला लागलो होतो. वर्षातून एकदा दिवाळीनंतर भोरटेकला जायचो. अक्काबाई चहा द्यायची आणि विचारायची, "सायेब कवा येनार?" मी म्हणायचो, बघू. एवढं म्हणून परत यायचो.

१९९७ मध्ये उत्खननाचा अहवाल छापून आला. मी तो घेऊन गेलो. झोपडीसमोर मंगळू दाभणाला दोरा ओवत बसला होता. अहवाल इंग्रजीत होता. कारखान्याबद्दलचा परिच्छेद मी तिला मराठीत करून वाचून दाखवला. शेवटचं वाक्य असं होतं: मुशींच्या आतला थर धुतला गेल्यामुळे या जागी काय तयार होत होतं, हे सांगता येत नाही.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"धुतला गेल्यामुळं," ती म्हणाली. "कुनी धुतला ते लिवलं नाय?"

"नाही."

"सायेब चांगला मानूस हाय." मग म्हणाली, "पन अर्धी खोली हाय अजून."

मंगळू दोरा तोडत म्हणाला, "अर्धी खोली, अर्धी खोली. आपली पुरी झोपडी गळती हे, ती बघ कवातरी."

"पांढरी घालू का वर?" ती म्हणाली, आणि दोघंही हसले. त्या दोघांना एकत्र हसताना मी तेव्हा शेवटचं बघितलं.

२००१ च्या पावसाळ्यात मंगळू छातीच्या दुखण्यानं गेला. कांद्याच्या धुळीत वीस वर्षं काढलेली. मला दोन महिन्यांनी कळलं. गेलो तेव्हा अक्काबाईनं सगळं सांगितलं. त्याला डोंगरात गावी नेलं. त्यांच्याकडे मेलेल्या माणसासाठी सागाचा खांब कोरून गावाबाहेर रोवतात. वरती चंद्र-सूर्य, आणि खाली तो माणूस आयुष्यभर काय करायचा ते. नांगर धरणाऱ्याचा नांगर, शिकाऱ्याचं धनुष्य, वाजवणाऱ्याचा पावा. एका कंडक्टरच्या खांबावर तिकिटांची पेटी आहे म्हणे. सुतारानं मंगळूच्या खांबावर कांद्याचं पोतं कोरलं आणि त्यात खोवलेलं दाभण.

"दाभन लय झ्याक काढलं," ती म्हणाली. "दोरा पन दिसतो. जाता-येता मानसं बघतात आन् म्हनतात, पोती शिवनारा दिसतो. नाव ठाव नसलं तरी कळतं."

मग ती पट्ट्याकडे बघत बसली. मी उठलो तेव्हा तिनं विचारलं, "त्या रोमवाल्याचा कुठं खांब असंल का रं?"

"असला तरी आता राहिला नसेल अक्का. लाकूड दोन हजार वर्षं टिकत नाही."

"मग त्याचं कायच नाय. त्या मुशी व्हत्या तेवढ्या."

२००३ च्या फेब्रुवारीत कारखान्यात माझ्या नावानं फोन आला. अक्काबाई फाट्यावरच्या बूथवरून बोलत होती आणि पलीकडे मी आहे यावर विश्वास नसल्यासारखी ओरडत होती. पुंजाआण्णा बागेसाठी टेकाड सपाट करणार होते. यंत्र उद्या दुपारी येणार होतं.

मी सरांच्या घरी फोन लावला. त्यांना पक्षाघात होऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या पत्नीनं फोन त्यांच्या कानाशी धरला, मी सगळं सांगितलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग पुरातत्त्व खात्याच्या दोन कार्यालयांत फोन केले. अर्ज आणून द्या म्हणाले.

सकाळी मी मोजपट्टी आणि जुना नकाशा घेऊन भोरटेकला पोचलो. पुंजाआण्णा बांधावर उभे होते.

"मी वाईट मानूस नाय भाऊ," ते म्हणाले. "आठ वर्षं त्या पट्ट्यात दाना टाकला नाय. तुमचे सायेब येनार, येनार. किती थांबू? दुपारपर्यंत काय करायचं ते करा."

परवानगीशिवाय असं खणू नये, हे मला माहीत आहे. तरी आम्ही खणलं. विहिरीच्या कठड्यापासून बारा मीटर चाळीस, तिथून काटकोनात सहा मीटर. मी दोरी लावली. अक्काबाईनं खुरपं घेतलं आणि शिकवलं होतं तसं, बोटभर बोटभर माती सोलायला लागली. आठ वर्षांनी तिचा हात जराही चुकत नव्हता. शेजारी तिनं धुतलेलं फडकं अंथरून ठेवलं होतं, मुशी ठेवायला. पाणी जवळपास कुठे नव्हतं. घागरसुद्धा तिनं लांब, बाभळीखाली ठेवली होती.

एक हात खोल गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, आतूनपण घासा, हे मी म्हणालो होतो."

"ठाव हाय. मी काय बहिरी हाय?"

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हनून थांबले," ती खुरपं न थांबवता म्हणाली. "तू बोलला नाय. मला वाटलं, ह्याची पयली नोकरी हाय. मला टोपली तरी उचलता येत व्हती."

तिनं ते लांबवलं नाही. "तिकडची कड साफ कर," एवढंच म्हणाली.

दीड हात खोलीवर माती बदलली. चोपलेली जमीन लागायला हवी होती, पण खुरपं भुसभुशीत मातीत जात राहिलं. काळी, पांढरी, सगळी एकत्र झालेली. मग निळ्या काठाच्या चिनीमातीच्या बशीचा तुकडा निघाला. त्याच्याखाली बैलाच्या खुराला नालासारखी ठोकतात ती गंजलेली पत्री. आणि त्याच्याखाली एकदम नदीकाठची कोरी काळी जमीन. मी बाजूची माती तासून बघितली. खड्ड्याची कड स्वच्छ दिसत होती, पहारीच्या खुणांसकट.

"काय रं?"

"अक्का, इथली माती आधीच कोणीतरी नेलीय. पन्नास-साठ वर्षांपूर्वी. नंतर खड्डा बुजवलाय. खोली इथे नाही."

तिला समजलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी ती कड दाखवून पुन्हा सांगायला लागलो.

"कळलं," ती म्हणाली.

काठावर बहिरूबाबा काठी टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, "आमच्या आजानं धाबं घातलं तवा ह्याच अंगानं गाड्या भरल्या व्हत्या. चौदा खेपा. मी बारका व्हतो."

"बाबा, आठ वर्षांत एकदा तरी सांगायचं," मी म्हणालो.

"नेमकी कुठनं भरली ते कोन ध्यानात ठेवतं? सगळेच नेत व्हते."

अक्काबाईनं विचारलं, "ते धाबं हाय का?"

"पाडलं की. स्लॅब नाय का टाकला पोरानं? ती माती रस्त्याच्या भरावात गेली."

बहिरूबाबांनी काठीनं जमिनीवर दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, "चल अक्का, घरी चल. चा घे." ते तिला पहिल्यांदाच अक्का म्हणाले.

ती गेली नाही. तिनं बशीचा तुकडा पदराला पुसून माझ्या हातात दिला. "हे तरी लिव तुझ्या वहीत," म्हणाली. फडकं झटकून घडी केलं. दुपारी यंत्र आलं आणि दीड तासात टेकाड सपाट झालं. तेवढा वेळ ती बाभळीखाली बसून होती. रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "आठ वर्षं मी खड्डा राखला."

त्या आठवड्यात ती भोरटेक सोडून पेठला गेली.

घासलेल्या उरलेल्या सात मुशींचा मी नंतर शोध घेतला. आता नवी यंत्रं निघाली आहेत. भांड्याच्या मातीत मुरलेला अंशही त्यांना कधीकधी दिसतो, असं मी वाचलं होतं. सरांच्या संस्थेत नोंदवहीत सात मुशींची नोंद आहे, पेटीचा क्रमांकही आहे. भांडार दुसऱ्या इमारतीत हलवताना पेट्या इकडच्या तिकडे झाल्या, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मी तीनदा गेलो. दोन दिवस त्यांच्या परवानगीनं पेट्या उघडून बघत बसलो. भोरटेकची खापरं सापडली. त्यांच्यावर अक्काबाईनं धुतलेल्याची ती खूण होती, कड साफ आणि रंग शाबूत. मुशी सापडल्या नाहीत. पेट्या अजून शंभराच्या वर राहिल्या आहेत.

मागच्या वर्षी, २००६ च्या डिसेंबरात, मी तिच्या गावी गेलो. पेठच्या पुढे एस.टी. सोडून चार किलोमीटर चालत. ती थकली आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मला बघून पहिला प्रश्न, "पेटी सापडली?"

"नाही अजून."

तिनं भाकरी वाढली, खुरासणीची चटणी वाढली. मग हाताला धरून घरामागे नेलं. तिथे गावचा सुतार झुंबर एका खांबाशी बसला होता. नवा सागाचा खांब, माझ्या खांद्याएवढा उंच. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य कोरून झाले होते, कडेनं वेलबुट्टी होती. मधली जागा कोरी.

"ह्या म्हातारीला समजावा," झुंबर मला म्हणाला. "चार म्हयनं झालं. पंच इचारतात, कुळ नाय, गाव नाय, नाव नाय, कोनाचा खांब रोवते तू? ही म्हनते रोमवाल्याचा."

"पंचांना काय करायचं?" अक्काबाई म्हणाली. "त्याचं काम माझ्या हातानं पुसलं गेलं. खांब मीच रोवनार."

"रोव ना बाई. पन मधी काय कोरू ते तरी सांग. मी दर आठवड्याला पटाशी घेऊन येतो आन् चा पिऊन जातो."

मी म्हणालो, भट्टी कोरा.

"भट्टी तर चायवाल्याकडंबी असती," ती म्हणाली.

"मग मूस कोरा. मी चित्र देतो, मापासकट."

"मूस म्हंजे भांडं. भांडं कोनाकडं नसतं? बघनाऱ्याला वाटंल आचारी व्हता." तिनं खांबाच्या कोऱ्या जागेवर हात ठेवला आणि उजवा डोळा माझ्याकडे वळवला. "मला आत नुसती काजळी दिसली. तू शिकलेला हाय. नऊच्या नऊ तू हातात घेतल्या, मोजल्या. घासायच्या आधी आत बघितलं असशील ना रं? पिवळं व्हतं, का लाल, का काचेवानी चमकत व्हतं?"